हौसेची गाडी विकताना

घर भाड्याने देणे, जुने सोने मोडणे, मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढणे अशा घरगुती व्यवहारांवर या सदरात आपण वेळोवेळी बोललो आहोत. या वेळचा विषय काही वाचकांना आपल्या उंबरठ्यापासून दूरचा वाटेल. पण जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली, रुंद चाकांची, चौकातून निघाली की चार घरांना कळणारी गाडी आता गल्लोगल्ली दिसते, आणि ती कुणाच्या तरी मुलाची, दिराची, भाच्याची असते. पुढे लग्न ठरते, घराचा हप्ता सुरू होतो, बाहेरगावी नोकरी लागते आणि ती गाडी विकायची वेळ येते. हौसेच्या काळात घरातल्या मोठ्यांना कुणी विचारलेले नसते. विकताना मात्र पैसा, कागद आणि इज्जत या तिन्ही गोष्टी घराच्याच असतात. म्हणून हा लेख मुलांइतकाच त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे.

आधी अशी गाडी म्हणजे काय ते समजून घेऊ. उदाहरणादाखल फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय घ्या. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी २०१३ मध्ये बाजारात आली. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि आपोआप बदलणारे सात गिअर. दिसायला चारचौघींसारखी, पण पळायला चपळ. भारतात पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, तरी वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात तिला अजून गिऱ्हाईक आहे.

अशा गाड्यांवर मुले जे काम करून घेतात त्याला ती 'मॉड' म्हणतात. त्यातले सर्वांत मोठे आणि डोळ्यांना न दिसणारे काम म्हणजे रिमॅप. इंजिनात किती इंधन सोडायचे, टर्बोने किती दाबाने हवा ढकलायची, ठिणगी नेमकी केव्हा पडायची हे ठरवणारा एक छोटा संगणक गाडीत असतो. त्याला ईसीयू म्हणतात. कंपनीने त्यात भरलेली आकडेमोड बदलली की तेच इंजिन जास्त ताकद देते. नुसती ही आकडेमोड बदलली तर 'स्टेज वन', तिच्या जोडीला धूर बाहेर नेणारी नळी वगैरे सुटे भागही बदलले तर 'स्टेज टू' अशी त्यांची बोली आहे. याशिवाय मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, गाडी खाली आणणारे आखूड स्प्रिंग, मोठी अलॉय चाके, वेगळा एअर फिल्टर. या कामांच्या पावत्या एकत्र केल्या की आकडा लाखांत जातो.

खर्च आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याची अशीच एक पोलो होती. त्याच्या बहिणीला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला आणि फी भरायला तीन आठवड्यांची मुदत होती. गाडी विकायची असे त्याने स्वतःच ठरवले. जाहिरात टाकण्याआधी तो पावत्यांची फाइल घेऊन आमच्याकडे आला. रिमॅप ४० हजार, एक्झॉस्ट ४५ हजार, स्प्रिंग २८ हजार, चाके आणि टायर ८५ हजार, एअर फिल्टर आणि किरकोळ १२ हजार. एकूण २ लाख १० हजार रुपये.

"खाला, बाजारात या मॉडेलला जो भाव चालू आहे, त्याच्यावर हे २ लाख १० हजार धरले तर फी भरून पैसे उरतात," तो म्हणाला.

"हे सगळं कुणाच्या सांगण्यावरून लावलंस?" आम्ही विचारले.

"कुणाच्या नाही. मला आवड होती."

"मग बेटा, आवडीचे पैसे तू चालवलीस तेव्हाच वसूल झाले. दुसऱ्याने तुझ्या आवडीचे पैसे का द्यावेत?"

त्याला ते लागले, पण बाजार हेच सांगतो. घरात आपण महागाची फरशी बसवली म्हणून घर घेणारा फरशीचे पैसे वेगळे देत नाही. कधी कधी तर ती उखडायचा खर्च वजा करून मागतो. मॉडिफाय केलेल्या गाडीचे तसेच आहे. बायकामुलांसाठी गाडी शोधणारा माणूस मोठा सायलेन्सर पाहिला की मनात एकच हिशेब करतो: ही गाडी पिळून चालवलेली असणार. तो भाव वाढवत नाही, पाडतो. ज्याला असल्या कामाची खरी पारख आहे असा शौकीन थोडे जास्त देईल. पण तो क्वचित भेटतो, आणि त्याची वाट पाहायला हातात वेळ लागतो. फीची मुदत तीन आठवड्यांची असताना तो वेळ नसतो.

म्हणून पहिला नियम असा. किंमत ठरवताना त्याच वर्षाच्या, तितक्याच किलोमीटर धावलेल्या, मूळ अवस्थेतल्या गाडीचा भाव धरावा. त्यावर भर घालणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात: वेळच्या वेळी केलेल्या सर्व्हिसच्या नोंदी, दोन्ही चाव्या, एकच मालक, चांगले टायर, आणि काढून जपून ठेवलेले मूळ भाग. हा शेवटचा मुद्दा मुलांना आजच सांगून ठेवा. कंपनीचा सायलेन्सर, स्प्रिंग, चाके काढली तर भंगारात देऊ नका. विकायच्या दिवशी त्यांची किंमत नव्या भागांपेक्षा जास्त ठरते. भाच्याच्या आईने ते सगळे पोटमाळ्यावर पोत्यात बांधून ठेवले होते. "अडगळ आहे," म्हणून तो तिच्याशी भांडलाही होता. तीच पोती आता कामाला आली.

कायदा काय म्हणतो

मूळ भाग परत बसवण्याचे कारण केवळ भावाचे नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला म्हणजे आरसीतला तपशील आणि निर्मात्याने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. कंपनीच्या प्रत्येक नव्या मॉडेलचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासला जातो. पुण्याची एआरएआय ही त्यांपैकी एक. त्या तपासणीत उतरलेली गाडीच रस्त्यावर यायची असते. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवावेत.

काही बदल कायदा मान्य करतो, पण ते आरसीवर नोंदलेले असावे लागतात. गाडीचा रंग बदलला, सीएनजी किट बसवले, तर त्याची नोंद हवी. नोंद नसेल तर नाव हस्तांतराच्या वेळी काम अडते.

विम्याचीही गोष्ट आहे. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवायचा असतो. तो लपवला असेल तर अपघातानंतर दावा नाकारायला कंपनीच्या हातात आयते कारण मिळते. म्हणजे तुम्ही न सांगितलेल्या गोष्टीची झळ उद्या घेणाऱ्याच्या घराला लागू शकते. त्याला हे ठाऊक नसते, तुम्हाला असते.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. कायद्यात न बसणारे जे काही आहे ते विक्रीपूर्वी काढा. मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंग, मूळ चाके बसवा, ईसीयूत कंपनीची मूळ आकडेमोड परत घाला. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला असेल तर तो परत बसवल्याशिवाय गाडी दाखवूच नका. मग पीयूसी नव्याने काढा. काढलेली चाके वेगळी विकता येतात. आरसीतला तपशील आणि दारातली गाडी, दोन्ही एक झाल्या पाहिजेत.

झाकायचे की सांगायचे

खरा पेच यानंतर येतो. भाच्याने गाडी मूळ अवस्थेत आणली. तेव्हा त्याच्या एका मित्राने सल्ला दिला: "आता गाडी कंपनीतून आल्यासारखी झाली. रिमॅप होतं हे बोलूच नकोस. कुणाला कळतंय?"

हा सल्ला आज बहुतेक मुलांना मिळतो, आणि ऐकायला तो बिनतोड वाटतो. गाडीत आता काहीच नाही, मग सांगायचे कशाला? पण नीट पाहा. आकडेमोड परत घातली म्हणून दोन वर्षे परत येत नाहीत. त्या दोन वर्षांत इंजिनाने, टर्बोने, क्लचने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त भार सोसला. या गाडीच्या गिअरबॉक्सला तेलात न बुडणारे, कोरडे दोन क्लच असतात. जास्त ताकदीची पहिली झळ तिथे बसते. खाली बसवलेल्या गाडीचे पोट गतिरोधकावर घासते, टायर आतल्या कडेने झिजतात. आज काही बिघडलेले नसेलही. पण गाडी घेणारा जो भाव देतो तो 'साधी वापरलेली गाडी' समजून देतो, आणि ती तशी नाही हे तुम्हाला माहीत असते. शिवाय 'कुणाला कळतंय' हेही पूर्ण खरे नाही. अधिकृत वर्कशॉपमधल्या तपासणीत ईसीयूत कधी काळी ढवळाढवळ झाली होती हे अनेकदा उघड होते.

बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घातल्यावर खालून ओल हाताला लागली, तो प्रसंग आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो. पैगंबरांनी (सल्ल.) त्या व्यापाऱ्याला विचारले ते एवढेच, की ओले धान्य वर का ठेवले नाहीस. पावसाने धान्य भिजणे हा गुन्हा नव्हता, ओल खाली दडवणे हा होता. गाडी रिमॅप केलेली असणे हा तुमच्या आणि आरटीओच्या मधला प्रश्न असेल. पण ती गोष्ट दडवणे हा तुमच्या आणि घेणाऱ्याच्या मधला प्रश्न आहे. आपल्या फिक्‌हमध्ये याला नाव आहे, खियार-ए-ऐब. सौद्याच्या वेळी असलेला आणि न सांगितलेला दोष नंतर निघाला तर घेणाऱ्याला वस्तू परत करण्याचा हक्क राहतो. दोष सांगितला आणि त्याने तो मान्य करून घेतले, तर तो हक्क उरत नाही.

देशाचा कायदाही याच वाटेने जातो. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणे हे तिच्यात येते, आणि अशा फसवणुकीने झालेला करार समोरच्याला रद्द करता येतो. म्हणजे सांगून टाकणे ही केवळ नेकी नाही, ती विकणाऱ्याची ढालही आहे. सांगितलेला ऐब उद्या तुमच्या दारात भांडायला येत नाही. दडवलेला मात्र पत्ता शोधत येतो.

पण सांगणे तोंडी नको, लेखी हवे. तोंडी सांगितलेले दोघांनाही वेगवेगळे आठवते. आम्ही भाच्याकडून साध्या कागदावर चार ओळी लिहून घेतल्या. वाचकांच्या उपयोगासाठी त्यांचा मसुदा देत आहोत:

'ही गाडी अंदाजे दोन वर्षे रिमॅप केलेल्या अवस्थेत आणि आखूड स्प्रिंगवर चालवली आहे. अमुक तारखेला ईसीयू, स्प्रिंग, सायलेन्सर आणि चाके मूळ स्वरूपात परत आणली आहेत. त्याची बिले सोबत आहेत. गाडीच्या पोटाला डाव्या बाजूस घासल्याची खूण आहे. ही माहिती वाचून, गाडी स्वतःच्या मेकॅनिककडून तपासून, खरेदीदार ती आहे त्या अवस्थेत घेत आहेत.'

खाली दोघांच्या सह्या, तारीख, वेळ आणि मीटरवरचे किलोमीटर. दोन प्रती, एक तुमच्याकडे, एक त्याच्याकडे.

गाडी पाहायला येणारी माणसे

वेगवान गाडीची जाहिरात टाकली की फोन खूप येतात, गिऱ्हाईक कमी. निम्म्यांना घ्यायची नसते, चालवून पाहायची असते. म्हणून काही गोष्टी घरातच ठरवून ठेवाव्यात. गाडी दिवसाउजेडी दाखवावी. येणाऱ्याचे ड्रायव्हिंग लायसन्स आधी पाहावे, त्याचा फोटो घ्यावा. इंजिन थंड असताना त्याच्यासमोर सुरू करावे; जाणकार हेच मागतो, आणि तुम्ही आपणहून केलेत तर विश्वास बसतो. पहिली फेरी मालकाने चालवून दाखवावी, मग शेजारी बसून त्याला चालवू द्यावे. रस्ता आणि वेग आधी सांगावा. चावी देऊन आपण दारात उभे राहणे नको.

लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर कायद्याने मालकही दोषी ठरतो. आणि चालवणारा अठरा वर्षांखालील असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा फार कडक केली आहे. पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. 'अब्बूंना आवडली तर घेणार आहोत, आधी मी चालवून बघतो,' असे म्हणणाऱ्या शाळकरी मुलाला पाणी विचारावे आणि अब्बूंना घेऊन यायला सांगावे.

भाच्याकडे तीन जण खरे येऊन गेले. पहिला आला तो रिमॅप काढल्याचे ऐकून नाराज होऊन गेला. त्याला तीच हवी होती. दुसरा दलाल. त्याने खिशातून पैसे काढलेच. "आज रोख उचला, टीटी फॉर्मवर सह्या करून द्या, नाव मी सावकाश करतो. मॉड-बिड मला काही सांगू नका." त्याचा भावही चांगला होता. तिसरे सांगलीकडचे एक गृहस्थ, पत्नीला घेऊन आले. चार ओळींचा तो कागद त्यांनी दोनदा वाचला, काही न बोलता खिशात घातला आणि गेले.

ते चार दिवस बहिणीच्या घरात कसे गेले असतील हे फीची तारीख डोक्यावर असलेल्या कुठल्याही आईला सांगायला नको. दलालाचा फोन रोज येत होता. "कागद दाखवायला नको होता," असे भाचा एकदा म्हणालाही. पाचव्या दिवशी सांगलीचे गृहस्थ आपला मेकॅनिक घेऊन परत आले. गाडी लिफ्टवर चढवून पाहिली. ठरलेल्या भावातून ३५ हजार कमी करा म्हणाले. भाच्याने केले. फीला २० हजार कमी पडले, ते त्याच्या आईच्या भिशीतून आले. मोठी चाके पुढे दोन महिन्यांनी वेगळी विकली गेली. मोठ्या आवाजाच्या एक्झॉस्टला मात्र अजून गिऱ्हाईक नाही. तो पोटमाळ्यावर मूळ सायलेन्सरच्या जागी पडून आहे.

आता कुणी विचारेल, दलालाचा भाव जास्त होता, त्याला रिमॅपशी देणेघेणे नव्हते, मग त्याला का दिली नाही? याचे उत्तर त्या कोऱ्या टीटी फॉर्ममध्ये आहे.

नाव बदलेपर्यंत गाडी तुमचीच

आपल्याकडे टीटी फॉर्म म्हणतात ते म्हणजे मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोपवायची, मग ती या हातातून त्या हातात फिरते आणि आरसीवर नाव पहिल्याचेच राहते. कायद्याच्या नजरेत मालक तो, ज्याचे नाव आरटीओच्या नोंदीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात २०१८ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंदणी बदलली नव्हती. मग अपघात झाला. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. गाडी कधीच विकली होती, ताबाही नव्हता, हे त्याच्या कामी आले नाही.

साध्या गाडीला हा धोका आहे, तर वेगासाठीच ओळखल्या जाणाऱ्या गाडीला किती? ती घेणारा पुढचा मुलगा तिला पुन्हा रिमॅप करून रात्री महामार्गावर पळवणार नाही याची हमी कोण देईल? ई-चलान तुमच्या मोबाइलवर येईल. त्याहून वाईट काही घडले तर पोलीस तुमच्या दारात येतील, आणि दार उघडायला तुमची म्हातारी आई जाईल. चार पैसे जास्त मिळतात म्हणून एवढे ओझे घरावर घ्यायचे का, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्याला विचारावा.

म्हणून कागदांचा क्रम नीट पाळावा. गाडीवर कर्ज असेल तर आधी ते फेडून बँकेचे ना-देय पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ घ्यावा, आणि आरसीवरचा बोजा उतरवावा. थकलेली ई-चलाने भरावीत. घेणारा दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर काय लागते ते आधी विचारून घ्यावे. दुसऱ्या राज्यातला असेल तर फॉर्म २८ चे ना हरकत प्रमाणपत्र लागतेच. फॉर्म २९ आणि ३० घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख भरूनच सही करावी. कोऱ्या कागदावर सही नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत. घेणारा करील म्हणून आपण गप्प बसू नये; आपले कळवणे आपण करावे आणि त्याची पावती जपावी. व्यापाऱ्यालाच गाडी द्यायची असेल तर तो परिवहन खात्याकडे अधिकृत नोंदलेला आहे का ते पाहावे. तसा असेल तर गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद पोर्टलवर करता येते, आणि ती करून घेतल्याशिवाय चावी देऊ नये.

पैसे बँकेतून घ्यावेत. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई केली आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच होऊ शकतो. म्हणजे दलालाच्या खिशातली ती थप्पी आपल्यासाठी पैसाच नव्हता, आफत होती. रक्कम खात्यात जमा झालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. समोरच्याच्या मोबाइलवरचा संदेश पुरेसा नाही.

गाडी गेल्यावर दोन कामे राहतात. फास्टॅग बंद करून घ्यावा, नाहीतर दुसऱ्याचा टोल तुमच्या खात्यातून जातो. आणि विमा कंपनीला विक्री कळवून नो क्लेम बोनसचे पत्र मागावे. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, आणि ती पुढच्या गाडीला लावता येते. कित्येक जण हे पैसे नुसते माहीत नसल्यामुळे सोडून देतात.

घरातल्या मोठ्यांना शेवटी एवढेच सांगायचे आहे. मुलाची हौस तुम्हाला पटली नसेल, आवाजाने तुमची झोप मोडली असेल. तरी विक्रीच्या वेळी 'तुझं तू बघ' म्हणू नका. वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच एवढा मोठा व्यवहार करत असतो, आणि त्याला शहाणपण शिकवायला मित्र तयार बसलेले असतात. त्याच्या शेजारी बसा. आरसी समोर ठेवा आणि त्यातली एकेक ओळ दारातल्या गाडीशी ताडून पाहा. ऐबांचा कागद त्याच्याकडूनच, त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. गाडी घेणाऱ्याच्या घरीही अशीच लेकरे असतात आणि तीच त्या गाडीत मागे बसणार असतात, हे त्याला त्या वेळी आठवून द्या.